दूध नको, आधी ऊब

ब्रिटनमधल्या मराठी वाचकांकडून या वेळी बागेतल्या हेजहॉगबद्दल, म्हणजे भीती वाटली की काट्यांचा गोळा होणाऱ्या छोट्या रानटी प्राण्याबद्दल, बरीच पत्रं आली. उत्तरं देणाऱ्या ताई मूळच्या कराडच्या. श्रॉपशरमध्ये राहतात आणि घराच्या गॅरेजमध्ये आजारी, जखमी हेजहॉग सांभाळून पुन्हा मोकळे सोडतात.

प्रश्न : ताई, गेल्या रविवारी भर दुपारी आमच्या हिरवळीवर एक हेजहॉग पडून होता. उठायला गेला की झोकांड्या खायचा. उपाशी असेल म्हणून सासूबाईंनी वाटीत दूध-पोळी कुस्करून ठेवली. त्याने थोडं दूध चाटलं, पण संध्याकाळी निपचित पडला आणि रात्री गेला. सासूबाईंच्या मनाला फार लागलं आहे. काय करायला हवं होतं?
— एक वाचक, लेस्टर

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा, की त्या दुधामुळेच तो गेला असं मी म्हणणार नाही. हेजहॉग रात्रीचा प्राणी. भर दुपारी उघड्यावर आडवा पडलेला, झोकांड्या खाणारा हेजहॉग बहुतेक वेळा आधीच फार आजारी असतो. झोकांडी म्हणजे अंग गार पडल्याची खूण. उन्हात अंग शेकत पडला आहे असं आपल्याला वाटतं, पण खरं तर त्याच्या अंगातली ऊब संपत आलेली असते.

दारात आलेल्याला आधी खायला घालायचं, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं आहे. हेजहॉगच्या बाबतीत मात्र क्रम उलटा ठेवायचा: आधी ऊब, मग पाणी, आणि खाणं सगळ्यांत शेवटी. गार पडलेल्या शरीरात आतडी काम करत नाहीत. पोटात गेलेलं पचत नाही आणि उरलीसुरली ताकद त्यातच जाते. दूध तर धडधाकट हेजहॉगलाही देऊ नये. त्यातली साखर त्याला पचत नाही, जुलाब होतात, आणि अंगातलं पाणी आधीच कमी झालेल्या जिवाला जुलाब झाले की तो हाती लागत नाही. गंमत म्हणजे इथल्या जुन्या इंग्रज घरांतही बशीत दूध आणि पाव ठेवायची रीत होती. त्यामुळे सासूबाईंनी एकट्याने मनाला लावून घेऊ नये.

पुन्हा असा दिसला तर बागकामाचे जाड हातमोजे घाला, नाहीतर टॉवेलची घडी करून त्यात उचला. उंच कडांचं खोकं घ्या, कारण हे प्राणी चांगले चढतात. तळाला वर्तमानपत्र अंथरा आणि वर एक जुना टॉवेल ठेवा, त्याखाली त्याला दडता येईल. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको वाटलं तर त्याला सरकता येतं. पिशवी थंड होऊ देऊ नका. गार झालेली पिशवी त्याच्या अंगातली ऊब ओढून घेते, ती नसलेली बरी. उथळ बशीत साधं पाणी ठेवा. ड्रॉपरने तोंडात घालू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. खोकं शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवा आणि मुलांना सारखं डोकावू देऊ नका. लगेच जवळच्या हेजहॉग सांभाळणाऱ्यांना किंवा पशुवैद्यांना फोन करा. कुणाला करायचा ते कळत नसेल, तर लडलोची ब्रिटिश हेजहॉग प्रिझर्वेशन सोसायटी तुमच्या भागातल्या माणसांशी गाठ घालून देते.

दिवस उन्हाळ्याचे असतील तर त्याच्या अंगावर नीट नजर टाका. काट्यांच्या मुळाशी, कानात, पोटाखाली तांदळाच्या कणीसारखं पांढरं काही दिसलं तर ती माश्यांची अंडी. काही तासांत त्यातून अळ्या निघतात आणि त्या जिवंत प्राण्याला खातात. अशा वेळी सकाळपर्यंत थांबून चालत नाही, रात्री अकरा वाजताही फोन करा.

दिवसा दिसणारा प्रत्येक हेजहॉग मात्र उचलायचा नाही. जून-जुलैत एखादी मादी तोंडात पानं धरून लगबगीने, सरळ चालीने जाताना दिसली, तर ती घरटं बांधत असते. तिला उचललंत तर पिल्लं उपाशी मरतील.

प्रश्न : ऑक्टोबरच्या अखेरीस रात्री बागेत एक छोटा हेजहॉग येऊ लागला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर 280 ग्रॅम भरला. चपळ आहे, खातोही. मुलांनी त्याचं नाव 'मोदक' ठेवलं आहे आणि थंडीभर घरात ठेवायचा हट्ट धरला आहे. ठेवू का?
— एक आई, स्लाव

वजन केलंत हे फार चांगलं झालं. इथल्या हेजहॉगची दुसरी वीण बऱ्याचदा सप्टेंबरमध्ये होते आणि त्या पिल्लांना अंगावर चरबी धरायला वेळच मिळत नाही. साधारण नोव्हेंबर ते मार्च ते झोपतात. ती नुसती झोप नाही. शरीराचं तापमान 35 अंशांवरून उतरत आजूबाजूच्या थंडीपर्यंत येतं, हृदयाचे ठोके मिनिटाला जेमतेम वीसवर येतात, आणि सगळे महिने साठवलेल्या चरबीवर काढायचे. त्यासाठी किमान 450 ग्रॅम वजन हवं असं सोसायटी सांगते. आम्ही सांभाळणारे बरेच जण 600 ग्रॅमपर्यंत थांबतो, कारण आजारातून उठलेल्याच्या अंगावर थोडं जास्त असलेलं बरं. 280 ग्रॅमचा मोदक ऑक्टोबरअखेर बाहेर तगणं अवघड आहे.

तेव्हा त्याला आत घ्या, पण ठेवून घेऊ नका. जवळच्या केंद्राला आजच फोन करा. चपळ दिसणाऱ्या पिल्लाच्याही फुप्फुसात बऱ्याचदा जंत असतात. ते गोगलगायी आणि बिनशंखाच्या गोगलगायी (स्लग) खाण्यातून येतात. रात्री शांतता झाल्यावर कान देऊन ऐका. कोरडा खोकला किंवा घरघर आली तर शंका घ्या. विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय कुठला जंत ते कळत नाही, आणि औषधाचा डोस वजनावर ठरतो. हे घरच्या घरी करण्यासारखं काम नाही. केंद्रात जागा नसेल तर ते तुम्हाला शिकवून काही आठवडे त्याला तुमच्याकडेच ठेवायला सांगतील. तसं झालं तर मनापासून करा.

तोवर कुत्र्या-मांजरांचं मांसाचं ओलं अन्न द्या. पक्ष्यांसाठी विकतात ते मीलवर्म नावाचे वाळवलेले किडे देऊ नका. ते चवीने खातो, पण त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, आणि त्यावरच वाढलेल्या पिल्लाची हाडं इतकी ठिसूळ होतात की चालताना मोडतात. अशी पिल्लं मी हातात घेतली आहेत. त्यांना फार वेदना होतात.

मुलांना नाव ठेवू दे. पण त्याला मांडीवर घेणं, कुरवाळणं, त्याच्याशी बोलणं थांबवायला सांगा, मग हट्ट करोत. माणसाच्या हाताची सवय झालेला हेजहॉग कुत्र्यासमोरही अंग मिटून घेत नाही. दुकानात पाळायला मिळतो तो आफ्रिकन पिग्मी हेजहॉग, त्याची जात वेगळी. मोदक रानटी आहे, आणि बरा झाला की त्याला सोडायचं या बोलीवरच त्याला सांभाळायचं. मुलांना वजनाची वही द्या. रोज ठरल्या वेळी आकडा लिहायचा. केंद्राला त्याचा खरोखर उपयोग होतो.

प्रश्न : बागेत येणाऱ्या हेजहॉगच्या अंगावर पिसवा दिसतात. कुत्र्याचं औषध लावू का?
— एक वाचक, मिल्टन कीन्स

मुळीच नाही. कुत्र्या-मांजरांच्या पिसवांच्या औषधाने हेजहॉग मरू शकतो. या पिसवा हेजहॉगच्याच जातीच्या असतात, त्या तुमच्या कुत्र्यावर किंवा गालिच्यात घर करत नाहीत. निरोगी हेजहॉगला त्यांचा फारसा त्रास नसतो. गोचिड्याही ओढून काढू नका, केंद्रात नीट काढतात.

प्रश्न : माझ्या नवऱ्याच्या हातून गवत कापताना स्ट्रिमर लागून एक हेजहॉग जखमी झाला. आम्ही तासाभरात त्याला पशुवैद्यांकडे नेलं. पैसे घेतले नाहीत, पण त्यांनी त्याला इंजेक्शन देऊन मरण दिलं. दोन्ही मागचे पाय गेले होते. जीव वाचवता आला असता ना? आम्ही त्याला आयुष्यभर बागेत ठेवलं असतं.
— एक वाचक, रेडिंग

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही त्याला तासाभरात नेलंत, म्हणून त्याच्या वेदना तासाभरात थांबल्या. काट्यांच्या गोळ्याला झुडपाखाली सोडून देणारी माणसंही असतात, आणि तो जीव मग कित्येक दिवस तिथे सडत पडतो.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. एक डोळा गेलेला हेजहॉग सोडता येतो, कारण त्याचं जग नाकावर आणि कानावर चालतं. एक पाय गेलेल्याचा निर्णय पशुवैद्य बघून घेतात. मागचा पाय नसेल तर त्या बाजूचं अंग खाजवता येत नाही, मग कानात, काट्यांत किडे माजतात. दोन्ही मागचे पाय नसलेल्याला काहीच करता येत नाही. आणि बागेत ठेवणं हे आपल्याला दयेचं वाटतं, त्याला वाटत नाही. निरोगी हेजहॉग एका रात्रीत एक-दोन किलोमीटर सहज फिरतो. बंदिस्त जागेत तो रात्रभर भिंतीच्या कडेने चकरा मारत नाक घासत राहतो. जिवंत ठेवणं एवढंच आमचं काम असतं तर ते सोपं होतं. तो पुन्हा हेजहॉग म्हणून जगेल का, हे आधी बघावं लागतं. त्या पशुवैद्यांनी योग्य केलं असं माझं स्पष्ट मत आहे.

यजमानांना एवढंच सांगा, की हेजहॉग आवाजाने पळत नाही, जागच्या जागी गोळा होतो. म्हणून उंच गवतात यंत्र लावण्याआधी काठीने आणि हाताने चाचपून बघायचं. आपोआप फिरणारी गवतकापणी यंत्रं रात्री बंद ठेवायची. दिवाळी आणि 5 नोव्हेंबरची इथली शेकोटीची रात्र (बॉनफायर नाइट) जवळ येत आहेत, म्हणून हेही सांगते: शेकोटीसाठी पाला-लाकडं आधीपासून रचून ठेवू नका. तसा ढीग म्हणजे त्याला आयतं घरटं. त्याच दिवशी रचा, किंवा रचलेला ढीग बाजूला हलवून मग पेटवा. आणि कुंपणाच्या तळाशी 13 सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनी भोक पाडा, शेजाऱ्यांनाही पाडायला सांगा. धोक्यातल्या प्राण्यांच्या 2020 च्या लाल यादीत ब्रिटनमधला हेजहॉग असुरक्षित ठरला, आणि 2024 मध्ये जागतिक यादीतही त्याची गणना धोक्याच्या जवळ पोचलेल्यांत झाली. बंद कुंपणं हे त्यामागचं एक मोठं कारण आहे.

प्रश्न : ताई, तुमचं सदर मी भुजमध्ये वाचतो. इथे नोकरीनिमित्त आहे. रात्री रस्त्यावर हा प्राणी दिसतो, इथले लोक त्याला शेळो म्हणतात. गाडीखाली जखमी झालेला सापडला तर तुमचेच नियम लागू होतात का?
— एक वाचक, कच्छ

तुमच्याकडे दोन जातींचे आहेत, एक मोठ्या कानांचा आणि दुसरा फिकट तोंडाचा. दोन्ही कोरड्या मुलखातले, इथल्यापेक्षा लहान. दूध न देणं, खोकं, अंधार, शांतता हे सगळं तसंच. फरक उबेचा. मेच्या दुपारी गरम पिशवी ठेवलीत तर तो भाजून मरेल. तेव्हा सावली आणि हवा द्या, ऊब फक्त हिवाळ्यातल्या रात्री. खाणंपिणं मिळेनासं झालं की हे प्राणी काही काळ गार, सुस्त पडून राहतात. हात लावल्यावर गार लागला म्हणून मेला असं धरून चालू नका, श्वास बघा.

घरी ठेवून उपचार करू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली तो येतो, म्हणून वन विभागाला फोन करा आणि त्यांच्या पशुवैद्यांकडे सोपवा. महाराष्ट्रात असताना कुठलाही जखमी वन्यप्राणी दिसला तर वन विभागाचा 1926 हा क्रमांक आहे, आणि पुण्याच्या आसपास बावधनचं रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टचं केंद्र हे काम करतं. काटे किंवा कातडं औषधी म्हणून कुणी मागायला आलं तर देऊ नका आणि त्याचीही खबर वन विभागाला द्या. उचलण्याआधी जागेचा फोटो काढा, रस्त्याचा किलोमीटरचा दगड लिहून घ्या. बरा झाला तर त्याला तिथेच, गाड्यांपासून आत, सोडायचं असतं.