शेक, स्विंग, वॉबल का ऑसिलेट: व्हेंडरला नक्की काय लिहायचं

पेंट शॉपच्या ओव्हरहेड कन्व्हेयरवरचे, म्हणजे वरून फिरणाऱ्या चेनला माल टांगायचे, हँगर वळणावर मागेपुढे होऊन एकमेकांवर आपटतायत, तुम्ही मेलमध्ये "शेकिंग" लिहिलंत आणि परदेशी व्हेंडरने "काइंडली क्लॅरिफाय द नेचर ऑफ मूव्हमेंट" असं उत्तर टाकलं, म्हणून बरोबर शब्द कुठला असं तुम्ही विचारताय. तुमची पोस्ट वाचली आणि आमचा कारखानाच डोळ्यासमोर आला. एरवी मी इथे वाचून गप निघून जातो, पण यावर बोलल्याशिवाय राहवेना. आधीच सांगतो, मी इंग्रजीचा मास्तर नाही, साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटला आयुष्य गेलं. कविता लिहायची असेल तर माझं काही ऐकू नका.

तुमचा हँगर वरून टांगलेला आहे ना, मग स्विंग. शेक वाचून समोरच्याला एवढंच कळतं की काहीतरी हादरतंय, कुठल्या दिशेला, किती जोरात, कशाला धरून ते काहीच कळत नाही. त्याने विचारलं ते बरोबरच विचारलं, त्याला शिव्या देऊ नका.

इंग्रजी-मराठी डिक्शनरी यात फार कामाची नाही हे माझं स्पष्ट मत. हलणे, डोलणे, झुलणे, हेलकावे खाणे हेच चार अर्थ उलटसुलट क्रमाने सगळ्यांपुढे छापलेले असतात. त्यापेक्षा वस्तू कुठे धरलेली आहे ते बघा. वरून टांगलेली असेल तर स्विंग, म्हणजे झोपाळा, लंबक, क्रेनच्या हुकाला लटकवलेला माल. बूड पक्कं आणि वरचा भाग झुकतोय तर स्वे, म्हणजे वाऱ्यातला माड, उंच चिमणी, दारू पिऊन उभा राहिलेला माणूस. बूडच कलतंय तर रॉक, म्हणजे होडी किंवा रॉकिंग चेअर. इथे एक गंमत आहे, आपला पाळणा टांगलेला असतो तरी इंग्रजीत पाळण्याला रॉकच म्हणतात, कारण त्यांचा जुना पाळणा जमिनीवर वाकड्या पट्ट्यांवर असायचा. बसवलेली वस्तू नीट बसलेलीच नाही, ढिली आहे, तर वॉबल. हॉटेलातलं लंगडं टेबल वॉबल होतं. आणि खूप बारीक, खूप जलद, डोळ्याला धड दिसत नाही पण हाताला झिणझिणतं ते वायब्रेट.

भूकंपाचं उदाहरण घ्या. किल्लारीचा १९९३ चा भूकंप आठवणारे इथे असतीलच. तशा धक्क्यात जमीन शेक होते, उंच बिल्डिंग स्वे होते, छताचा दिवा स्विंग होतो आणि खिडकीची काच रॅटल होते, म्हणजे खडखडते. धक्का एकच, क्रियापदं चार. त्यामुळे "यातला बरोबर शब्द कुठला" हा तुमचा प्रश्न असा सुटा विचारता येत नाही, आधी काय हलतंय ते सांगावं लागतं.

अर्थात हे काही कायद्याचं कलम नाही. लंडनचा मिलेनियम पूल जून २००० मध्ये उघडला, लोक चालायला लागल्यावर आडवा डुलायला लागला म्हणून दोनच दिवसांत बंद केला, मग डॅम्पर (हेलकावे शोषून घेणारे) बसवून २००२ मध्ये पुन्हा चालू केला. माझ्या हिशोबाने ते स्वे, पण लोकांनी नाव पाडलं "वॉबली ब्रिज", कारण वर चालणाऱ्याला पाय ठरत नाही असं वाटत होतं. बोलीत चालतं ते. कंप्लेंटमध्ये चालत नाही, कारण समोरचा तुमच्या क्रियापदावरून माणूस आणि मीटर पाठवतो.

आता माझं दुखणं. आमच्याकडे एक स्टीम टर्बाइन होतं, त्याचा गव्हर्नर (स्पीड ठरल्या जागी ठेवणारा भाग) हंटिंग करायला लागला. म्हणजे स्पीड सेट केलाय तिथे थांबतच नाही, हळूहळू वर जातो, मग खाली येतो, परत वर, काही सेकंदांची एक फेरी. गाळप हंगाम ऐन भरात, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. मी कंप्लेंट लिहिली की टर्बाइनचा स्पीड सेट व्हॅल्यूच्या आजूबाजूला ऑसिलेट होतोय, ट्रेंडचं, म्हणजे स्पीडच्या आलेखाचं, प्रिंटआउट जोडलं. आमची सगळी कंप्लेंट शहरातल्या एका ऑफिसमार्फत जायची, कुठलं ते विचारू नका. तिथल्या साहेबांनी इंग्रजी "सुधारलं". ऑसिलेट म्हणजे टेबल फॅन, मशीनला वायब्रेट म्हणतात, असं म्हणून "टर्बाइन इज वायब्रेटिंग" करून पाठवलं आणि प्रिंटआउट "अनावश्यक" म्हणून काढून टाकलं!

व्हेंडरने काय करावं? बिचाऱ्याने वायब्रेशनचा माणूस पाठवला. आता बघा, ३००० आरपीएमचं मशीन म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या, वायब्रेशनचा मीटर साधारण १० हर्ट्झच्या (सेकंदाला १० वेळा) वरचंच बघायला लावलेला असतो, काही सेकंदांत एकदा होणारी गोष्ट त्याला दिसणार कशी. त्याने बेअरिंगवर प्रोब लावले, मिलिमीटर पर सेकंदमध्ये रीडिंग घेतली, सगळी छान, "वायब्रेशन विदिन लिमिट्स" लिहून सही घेतली आणि गेला. मी त्याला तिथेच टॅकोमीटरचा (स्पीड दाखवणाऱ्या मीटरचा) काटा दाखवला, तर म्हणे दिसतंय मला, पण माझ्या कॉलमध्ये ते नाही. त्याचंही खरं होतं.

मग त्या ऑफिसला फोन. कंप्लेंट क्लोज झालीय, नवीन टाका. नवीन टाकायला नवीन अप्रूव्हल. अप्रूव्हल देणारे रजेवर. एका शब्दाची दुरुस्ती मेलने कळवा म्हटलं तर "तशी प्रोसिजर नाही". आणि वर व्हिजिटचं बिल आमच्या डिपार्टमेंटच्या नावावर! शेवटी आमच्याच फिटरने गव्हर्नरच्या लिंकेजच्या (जोडदांड्यांच्या) झिजलेल्या पिना बदलल्या आणि गव्हर्नरचं घाण झालेलं ऑइल काढून नवीन भरलं, मग कुठे काटा शांत झाला. तोवर मिल किती वेळा स्लो करावी लागली ते सांगत बसत नाही, बीपी वाढतं. त्या साहेबांना इंग्रजी येत होतं हो, चांगलं येत होतं, मशीन येत नव्हतं.

म्हणून माझा सल्ला, पटला तर घ्या. क्रियापदाच्या शेजारी नेहमी दोन गोष्टी लिहा, किती आणि किती वेळाने. "स्विंग्ज अबाउट १०० एमएम, वन्स एव्हरी टू सेकंड्स" असं लिहिलं की मधल्या कोणी शब्द बदलला तरी आकडा बोंब मारतो. व्हिडिओ जोडा, दहा सेकंदांचा पुरे, शेजारी स्केल धरून.

ऑसिलेट आणि फ्लक्च्युएटमध्येही लोक गोंधळतात. ठरलेल्या मध्याभोवती एका तालात वरखाली होतंय तर ऑसिलेट, कसंही, ताल नसलेलं, तर फ्लक्च्युएट, आपल्या गावाकडचं व्होल्टेज. पिस्टनसारखं सरळ रेषेत जाऊन परत येतंय तर रेसिप्रोकेट. माणूस निर्णयात डळमळतोय तर व्हॅसिलेट, हे मशीनला लावू नका. आणि "पॉवर स्विंग" हा विजेच्या ग्रिडवाल्यांचा शब्द आहे, तिथे टांगलेलं काही नसतं, तेव्हा तिथे माझा वरचा नियम घेऊन भांडायला जाऊ नका. धंद्याचा रूढ शब्द असेल तर तोच वापरायचा, आमचं हंटिंग तसंच.

तुमच्या केसला परत येतो. तुम्ही लिहिलंय की सरळ लाइनवरही कधीकधी हँगर झटका खाऊन मागेपुढे होतात. ते जरा नीट बघा, कारण तिथे चेनच अडकत-सुटत चालत असेल, लांब चेनला ऑइल कमी पडलं किंवा टेन्शन बिघडलं की असं होतं, त्याला "सर्जिंग" म्हणतात. मग हँगरचं स्विंग होणं हा नुसता परिणाम, आणि तुम्ही फक्त स्विंग लिहिलंत तर ते तुम्हाला हँगरला लावायचे स्टॅबिलायझर विकतील. (मी तुमची लाइन पाहिलेली नाही, अंदाज आहे, उद्या माझ्या नावाने बिल फाडू नका.) हुकाचं होल झिजून ढिलं झालंय का तेही हाताने हलवून बघा, तसं असेल तर "द हुक वॉबल्स" वेगळ्या ओळीत लिहा, एकाच वाक्यात कोंबू नका.

मेल साधारण असा टाका: "द हँगर्स स्विंग अलाँग द डिरेक्शन ऑफ ट्रॅव्हल आफ्टर द सेकंड कर्व्ह अँड हिट ईच अदर. ऑन द स्ट्रेट सेक्शन द चेन सर्जेस." खाली आकडे, व्हिडिओ, चेनचा स्पीड, हँगरचं वजन. आणि मेल पर्चेसमार्फत जाणार असेल तर व्हेंडरच्या सर्व्हिस इंजिनियरला सीसीमध्ये ठेवा, पर्चेसवाले कितीही कुरकुरले तरी.