वाचक विचारतात : गोदामात माल आहे, तरी गाडी उशिरा का जाते?

प्रश्न : शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमचे मशीन शॉप आहे. स्थानिक फाउंड्रीतून कास्टिंग घेऊन त्यावर मशिनिंग करून आम्ही चाकणच्या दोन ग्राहकांना माल पाठवतो. गेली तीन वर्षे लीन, म्हणजे अपव्यय काढून टाकण्याची पद्धती, राबवत आहोत. फाइव्ह-एस (कामाच्या जागेची शिस्तबद्ध मांडणी) झाले, कानबानची (माल संपला की तेवढाच पुन्हा बनवायला सांगणारी) कार्डे लागली, फिक्स्चर (मशीनवर कास्टिंग पकडून ठेवणारे साधन) बदलण्याचा वेळ अडीच तासांवरून चाळीस मिनिटांवर आला. तरीही तयार माल सरासरी २१ दिवसांचा पडून असतो आणि ठरल्या तारखेला पूर्ण ऑर्डर जाण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांच्या वर सरकत नाही. आता एक ग्राहक 'स्कोर'प्रमाणे मोजमाप मागतो आहे. लीन थांबवून हे नवे सुरू करावे काय? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : थांबवू नका. आपणच दिलेले आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहा. फिक्स्चर बदलण्याचा वेळ जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर आला आहे, म्हणजे मशीनपाशी लीन चांगले रुजले आहे. पण २१ दिवसांचा माल हाताशी असूनही शंभरातल्या अठ्ठावीस ऑर्डरी चुकतात, याचा सरळ अर्थ असा की जो माल पडून आहे तो कोणी मागितलेला नाही आणि जो मागितला आहे तो झालेला नाही. हा दोष मशीनचा नव्हे, नियोजनाच्या टेबलाचा आहे, आणि त्या टेबलापर्यंत आपले लीन अजून गेलेले दिसत नाही.

'स्कोर' म्हणजे सप्लाय चेन ऑपरेशन्स रेफरन्स, अर्थात पुरवठा साखळीतील प्रक्रियांची संदर्भ-चौकट. ती १९९६ साली अमेरिकेत सप्लाय चेन कौन्सिल या संस्थेमार्फत पुढे आली. ही संस्था २०१४ साली अपिक्स या व्यावसायिक संस्थेत विलीन झाली आणि अपिक्सच आज असोसिएशन फॉर सप्लाय चेन मॅनेजमेंट या नावाने ओळखली जाते. या चौकटीच्या मूळ रचनेत सर्वांत वरच्या पातळीवर नियोजन, खरेदी, उत्पादन, वितरण, परतावा अशा मोठ्या प्रक्रिया आहेत. दुसऱ्या पातळीवर आपण माल साठ्यासाठी बनवता, ऑर्डर आल्यावर बनवता की ग्राहकाच्या रचनेप्रमाणे नव्याने घडवता, हे ठरवावे लागते. तिसऱ्या पातळीवर एकेक पायरी येते : ऑर्डर नोंदवणे, तारीख देणे, माल बाजूला काढणे, गाडी भरणे, बिल करणे. चौथ्या पातळीवर मात्र ही चौकट जाणूनबुजून गप्प राहते, कारण तिथे प्रत्येक कारखान्याची रीत निराळी असते. लीनने शिरायचे ते नेमके याच मोकळ्या जागेत.

टोयोटाच्या ताइची ओनो यांनी अपव्ययाचे सात प्रकार सांगितले आणि त्यांत गरजेपेक्षा जास्त उत्पादन हा सर्वांत वाईट मानला, कारण जादा साठा, जादा हाताळणी आणि झाकलेले दोष त्याच्या पोटी जन्मतात. लीनला समोरची अडचण कशी सोडवावी हे उत्तम कळते, पण कोणत्या अडचणीसमोर आधी उभे राहावे हे ते आपणहून सांगतेच असे नाही, आणि उत्साही चमू बहुधा सर्वांत जवळच्या मशीनपासून सुरुवात करतो. स्कोरचे नेमके उलट आहे : दुखते कुठे आणि किती हे ती मोजून सांगते, पण उद्या सकाळच्या पाळीत सुपरवायझरने काय वेगळे करावे याबद्दल तिच्याकडे शब्द नाही.

म्हणून पहिले काम दुसऱ्या पातळीवरचे करा, आणि तेही सर्व मालाचे नव्हे, एकाच ग्राहकाच्या, एकसारख्या भागांच्या एकाच गटाचे. प्रत्येक पार्ट नंबरपुढे लिहा : साठ्यासाठी की ऑर्डरवर? माझा अंदाज असा की ज्या भागांना महिन्यातून एकदाच मागणी येते त्यांचीही कार्डे आपल्या फलकावर लटकत असतील. कानबान नियमित खपाच्या भागांनाच मानवते. रोजची मागणी ४०० नग, भरपाईला २ दिवस, सुरक्षेसाठी १५ टक्के वाढ आणि एका क्रेटमध्ये ८० नग असा हिशेब असेल, तर साडेअकरा, म्हणजे १२ कार्डे पुरतात. अनियमित भागाला हेच सूत्र लावले तर कार्ड रिकामे झाले म्हणून मशीन चालते आणि तो लॉट पुढच्या महिन्यापर्यंत धूळ खातो. असे भाग कार्डांवरून काढून ऑर्डरवर बनवायला घ्या. २१ दिवसांतील मोठा वाटा तिथेच सुटेल. याच वेळी सुपरवायझरचे मूल्यमापन मशीन किती तास चालले यावर होते का, हेही तपासा. तसे होत असेल तर तो मोठे लॉट काढणारच, आणि त्याला दोष देता येणार नाही.

दुसरे काम ७२ टक्क्यांचे. स्कोरमध्ये 'परिपूर्ण ऑर्डर' हे मोजमाप चार कसोट्यांवर ठरते : माल पूर्ण गेला, कबूल केलेल्या तारखेला पोहोचला, कागदपत्रे बिनचूक होती आणि माल सुस्थितीत होता. चारही जमल्या तरच ती ऑर्डर परिपूर्ण. हे मोजमाप कठोर आहे. चारही कसोट्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे धरले आणि प्रत्येकीत ९५ टक्के यश असले, तरी एकूण आकडा ८१ च्या आसपास येतो. म्हणून ग्राहकाला पहिला अहवाल पाठवताना आकडा खाली गेलेला दिसला तर दचकू नका, आणि तो वर दिसावा म्हणून तारखा मागाहून बदलून घेण्याच्या वाटेला तर मुळीच जाऊ नका. गेल्या तीन महिन्यांची डिस्पॅच नोंदवही काढा, चुकलेल्या प्रत्येक ऑर्डरपुढे चारपैकी कोणती कसोटी हुकली ते पेन्सिलीने लिहा, आणि ज्या कसोटीचे पारडे जड असेल तिचा माग डिस्पॅचपासून उलट दिशेने, पायी चालत, गेटवरच्या इनवर्ड नोंदीपर्यंत काढा.

चालत जाण्याचा आग्रह का, तर एका कारखान्यात मी स्वतः पाहिलेली गोष्ट सांगतो. दुपारी चारला गाडी भरून, ताडपत्री बांधून फाटकापाशी उभी होती. ड्रायव्हर चाकाला टेकून चहा पीत होता. माल तयार, चलान तयार. तपासणी अहवालावर सही करणारे गृहस्थ मात्र पलीकडच्या शेडमध्ये आणि अहवालाचे पुस्तक त्यांच्या कुलूपबंद खणात. गाडी साडेसहाला सुटली आणि ग्राहकाच्या मालस्वीकृतीची वेळ टळली. संगणकात ही ऑर्डर 'वाहतुकीतील विलंब' या सदरात गेली! त्या नोंदीवर विसंबले असते तर ट्रान्सपोर्टर बदलला गेला असता. प्रत्यक्षात उपाय एवढाच होता की सही केलेला अहवाल शेवटच्या तपासणीपासून क्रेटबरोबरच फिरावा.

ग्राहकाला स्कोरची मोजमापे जरूर द्या, पण सुरुवातीला तीनच : परिपूर्ण ऑर्डर, ऑर्डर पूर्ण होण्यास लागणारे दिवस आणि साठ्याचे दिवस. स्कोरच्या यादीत मोजमापे पुष्कळ आहेत आणि ती सगळी भरत बसण्यासाठी एक माणूस अडकवणे हाही अपव्ययच.

प्रश्न : अभ्यासक्रमातील पुस्तकात स्कोरच्या पाच प्रक्रिया दिल्या आहेत, कंपनीतील सादरीकरणात सहा, आणि एका प्रशिक्षणात सात सांगितल्या. खरे काय? — एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : तिन्ही आपापल्या काळी बरोबर. आधी, वरच्या उत्तरात दिलेल्या, पाच होत्या. मग या पाचांना आधार देणारी, म्हणजे नियम, माहिती, करार, मनुष्यबळ सांभाळणारी सहावी 'एनेबल' जोडली गेली. २०२२ च्या डिजिटल आवृत्तीत रचनाच बदलली : ऑर्केस्ट्रेट (सर्वांचा समन्वय), प्लॅन (नियोजन), ऑर्डर, सोर्स (खरेदी), ट्रान्सफॉर्म (उत्पादन), फुलफिल (ऑर्डरपूर्ती) आणि रिटर्न (परतावा). जुने वितरण ऑर्डर आणि फुलफिल यांत विभागले गेले, हा बदल मला उपयुक्त वाटतो, कारण ऑर्डर घेताना होणारी चूक आणि माल पाठवताना होणारी चूक आता वेगवेगळ्या दिसतात. परीक्षेत मात्र पुस्तकातील आवृत्तीच लिहावी.

प्रश्न : आम्ही भोसरीत जॉबवर्क करणारे लघुउद्योजक. मोठ्या ग्राहकाने लीनच्या नावाखाली आठवड्याचा माल रोज थोडा थोडा मागायला सुरुवात केली. त्याचे गोदाम रिकामे झाले, आमचे भरले, आणि पैसे ७५ दिवसांनी येतात. याला लीन म्हणावे का? — एक वाचक, भोसरी

उत्तर : म्हणू नये. साठा साखळीतून गेलेला नाही, त्याने फक्त फाटक बदलले. स्कोरमधील 'रोख ते रोख' हे मोजमाप इथे डोळे उघडते : साठ्याचे दिवस अधिक येणे वसुलीचे दिवस, वजा आपण पुरवठादाराला पैसे देण्याचे दिवस. आपला साठा ४० दिवसांचा आणि पोलादवाल्याला २० दिवसांत पैसे द्यावे लागत असतील, तर ४० अधिक ७५ वजा २०, म्हणजे ९५ दिवस आपला पैसा अडकतो. ग्राहकाच्या ताळेबंदात तेच ७५ दिवस वजाबाकीत जाऊन त्याचा आकडा सुंदर करतात. म्हणून हे मोजमाप एका कंपनीपुरते पाहू नये. दोघांचे एकत्र मांडून ग्राहकापुढे ठेवावे.

रोज थोडा माल मागणे मुळात गैर नाही. ते तेव्हाच जमते जेव्हा ग्राहक आपले वेळापत्रक काही दिवस आधी गोठवतो आणि मागणी सपाट ठेवतो. टोयोटाच्या रीतीत या सपाटीकरणाला हेइजुंका म्हणतात. सकाळी फोन करून संध्याकाळी माल मागणाऱ्याने त्यातला सोयीचा अर्धा भागच उचलला आहे. बोलणी करताना दरापेक्षा आधी हे मागा : पुढच्या पाच दिवसांचे वेळापत्रक पक्के, आणि त्यात बदल झाल्यास तयार मालाची उचल बंधनकारक.

पैशांबाबत, आपली सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही, आणि करार नसेल तर १५ दिवस. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. शिवाय २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून अशी थकलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत ग्राहकाला आयकरात खर्च म्हणून वजा करता येत नाही. त्यामुळे ग्राहकाच्या खरेदी विभागाशी वाद घालण्यापूर्वी उद्यम क्रमांक छापलेले बिल त्याच्या लेखा विभागाकडे पोहोचले आहे का, हे आधी पाहा.