लोकांचा विज्ञानावर विश्वास नव्हता, म्हणूनच करोनाचे नियम पाळले गेले नाहीत का?

आमच्या घरात तरी उलटं झालं, म्हणून लिहितोय.

आमचं गाव निपाणीजवळ, कर्नाटकात पण महाराष्ट्राच्या सीमेला लागून. एप्रिल २०२१ ला ४५ च्या वरच्यांना लस सुरू झाली, तेव्हा रिक्षाला भोंगा लावून कन्नडात ओरडत फिरायचे, "मास्क कड्डाय, लसिके हाकिसिकोळ्ळी". म्हणजे मास्क सक्तीचा, लस टोचून घ्या. आबांना कन्नड बसच्या पाटीपुरतं येतंय, ते म्हणाले, "हाकतायत काय, आम्ही गुरं हाय काय?" आणि आतच बसले. मग गावातली आशा सेविका, आमची आशाताई आली, कट्ट्यावर बसून मराठीत म्हणाली, मी घेतलीय, सासूला दिलीय, दोन दिवस अंग दुखतंय बघा. गेले की दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या डोसला सहा आठवड्यांनी गेले तर परत पाठवलं, कारण मेमध्ये कोविशील्डचं अंतर १२ ते १६ आठवडे केलेलं. त्याला आधार होता, परदेशातल्या चाचण्यांत सहा आठवड्यांच्या आत दुसरा डोस दिला तर परिणाम ५५ टक्क्यांच्या आसपास आणि बारा आठवड्यांनंतर ८१ च्या आसपास दिसलेला, पण केंद्रावर हे सांगणारं कोण नाही, आणि लसीचा तुटवडा तर सगळ्यांना दिसत होता. आबा म्हणाले, "आज एक, उद्या एक." शिव्या घातल्या, तरी कॅलेंडरवर पेन्सिलनं ८४ दिवस मोजून खूण केली आणि बरोबर त्या दिवशी जाऊन घेतला.

आता आमचे दाजी. कोल्हापुरात हायस्कूलला विज्ञान शिकवतात. फॅमिली ग्रुपवर वर्षभर एकच, तुम्ही सीमाभागातले अडाणी. ऑगस्टात काकूचं बारावं होतं, राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर कर्नाटकात येताना दोन डोस झालेले असले तरी ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट लागायचा, तर हे उसाच्या बांधावरून बाईक घालून आले, पँट चिखलानं भरलेली आणि मास्क हनुवटीला. आबांनी अंगणातच खुर्ची टाकली. "जावईबापू, रिपोर्ट?"

तर विश्वास वेगळा आणि नियम पाळणं वेगळं. माणसाला त्याच्या भाषेत, ओळखीच्या तोंडून सांगा, आणि नियम बदलला तर का बदलला तेही त्याच दिवशी सांगा.

एका घरावरून देशाचं सांगता येत नाही, कबूल. भोंग्याला घाबरून शेवटपर्यंत लस न घेतलेलेही आमच्या गल्लीत आहेत. पण दाजी, वाचत असाल तर ते 'अडाणी' तेवढं मागं घ्या.