दुकानाचे तारे सर्चमध्ये का दिसत नाहीत?

प्रश्न : लालबागला मी मसाल्यांचं दुकान चालवते. मुलाने वेबसाइट करून दिली. गूगल मॅप्सवर आमचं रेटिंग ४.६ आहे. तो आकडा आणि तिथले रिव्ह्यू त्याने होमपेजच्या कोडमध्ये घातले, तरी सर्चमध्ये आमच्या नावाखाली तारे येत नाहीत. काय राहिलं?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेली लिंक उघडून मी पानाचा सोर्स पाहिला. जेसन-एलडीचा, म्हणजे पानाची माहिती सर्च इंजिनला सांगणाऱ्या कोडचा, साचा मुलाने नीट बसवलाय. पण तारे दिलेत ते ‘लोकल बिझनेस’ला, म्हणजे तुमच्याच दुकानाला, तुमच्याच साइटवर. सप्टेंबर २०१९ पासून गूगल असे तारे दाखवतच नाही. स्वतःच्या दुकानाचं कौतुक स्वतःच छापलेलं ते धरत नाहीत, आणि मला हा नियम पटतो. मॅप्सवरचे रिव्ह्यू उचलून आपल्या कोडमध्ये घालणंही नियमात बसत नाही. ते आजच काढा. मॅप्सवरचे तारे तिथे दिसत राहतील, त्यांना धक्का लागत नाही.

तुमचा खरा फायदा आहे मालाच्या पानांवर. मालवणी मसाल्याच्या पाकिटाचं वेगळं पान आहेच. तिथे कोडमध्ये ‘लोकल बिझनेस’ऐवजी ‘प्रॉडक्ट’ हा प्रकार लावा आणि त्याखाली त्याच मसाल्याचे, तुमच्या गिऱ्हाइकांनी तिथेच लिहिलेले रिव्ह्यू द्या. मेतकुटाचे रिव्ह्यू मेतकुटाच्या पानावर. कोडमध्ये जे सांगाल ते पानावर वाचणाऱ्याला दिसलंच पाहिजे; सरासरी दिलीत तर किती जणांची, तेही द्यावं लागतं. लिहिणाऱ्याच्या जागी माणसाचं नाव हवं, ‘बेस्ट मसाला’ नको.

आणखी एक गोष्ट दिसली, मराठी साइटवर हमखास होणारी. कोडमध्ये ‘रेटिंगव्हॅल्यू’समोर, म्हणजे रेटिंगचा आकडा येतो तिथे, मुलाने ४.६ देवनागरीत लिहिलंय. पानावर खुशाल मराठी आकडे ठेवा, पण कोडमध्ये इंग्रजीच हवेत, स्कीमा.ऑर्ग या, अशा कोडमधले शब्द ठरवणाऱ्या साइटवर तसं स्पष्ट लिहिलंय. गूगल, बिंग आणि याहूने मिळून २०११ मध्ये ही सामाईक शब्दावली आणली.

बदल झाले की गूगलच्या ‘रिच रिझल्ट्स टेस्ट’मध्ये पानाची लिंक टाका, चूक असेल तर दाखवते. टेस्ट पास झाली तरी तारे येतीलच असं नाही, ते गूगल ठरवतं. खोटे रिव्ह्यू मात्र एकही घालू नका. पकडलं गेलं तर तारे मिळण्याची पात्रताच जाते. तिखट कमी पडलं म्हणणाराही तिथे राहू दे. पार्सल पोचल्यावर गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर त्या मसाल्याच्या पानाची लिंक पाठवत चला.