नाव पुकारलं नाही, आता पुढे काय?

पत्र (थोडक्यात): सर, आम्ही मूळचे नाशिकचे, गेली अठरा वर्षं ओंटारियोत मिल्टनला आहोत. मुलगा ऑगस्टमध्ये एकवीसचा होईल. आइस हॉकीत बचावपटू आहे. ओएचएलमध्ये, म्हणजे ओंटारियोच्या ज्युनिअर लीगमध्ये, चार सीझन खेळला. एनएचएल ही इथली सर्वात वरची व्यावसायिक लीग. तिचे संघ नवी मुलं निवडतात त्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव तीन वर्षं येऊ शकत होतं, एकदाही आलं नाही. मार्चमध्ये ज्युनिअरचा सीझन संपल्यावर अमेरिकेतल्या ईसीएचएलच्या एका संघाने त्याला ट्रायआउटवर सहा सामने खेळवले, आणि आता ते येत्या सीझनचा करार देऊ करताहेत. दुसरीकडे अटलांटिक किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठाचा कोच कॉमर्सला प्रवेश आणि संघात जागा द्यायला तयार आहे. त्याचे बाबा म्हणतात, हॉकी पुरे, इंजिनिअरिंगला घाल. मुलगा म्हणतो, आत्ता नाही तर कधीच नाही. एक एजंट म्हणतो, तीन हजार डॉलर भरा, युरोपात बघतो. वर्षानुवर्षं पहाटे पाचला रिंकवर नेलं आणि निकाल हा. नाशिकला सासूबाई विचारतात, "अनड्राफ्टेड म्हणजे नापास का गं?" त्यांना काय सांगू?

उत्तर:

ताई, नमस्कार.

आधी तो 'निकाल' शब्द बाजूला ठेवू या. दहावी-बारावीच्या गावात वाढलेल्या आपल्या पिढीला कुठलीही यादी लागली की ती गुणवत्ता यादीच वाटते. ड्राफ्ट तशी यादी नाही. जूनच्या शेवटी ३२ संघ सात फेऱ्यांत २२४ मुलांची नावं घेतात, आणि त्यातली बरीचशी जेमतेम अठरा वर्षांची असतात. हा पोरगा चोविसाव्या वर्षी कसा खेळेल, याचा तो अंदाज असतो. गोलरक्षक आणि बचावपटू उशिरा तयार होतात, हे स्काउट स्वतःच सांगतात. शिवाय नाव घेतलं म्हणजे नोकरी लागली असंही नाही. त्या संघाला त्या मुलाशी करार करायचा हक्क मिळतो, एवढंच. आपल्या भाषेत, साखरपुडासुद्धा नाही. "आमचं बोलणं चालू आहे, इतरांनी बघू नये", इतकंच.

तुमच्या मुलाचं बोलणं कुणाशीच चालू नाही, म्हणून तो कुणाशीही बोलू शकतो. व्यवहाराच्या भाषेत तो फ्री एजंट आहे. ड्राफ्ट झालेल्या आणि मग दोन वर्षं एका संघाच्या कपाटात पडून राहिलेल्या मुलांचे पालकही माझ्याकडे आलेत. ते काही तुमच्यापेक्षा सुखी नव्हते.

आता दोन प्रस्तावांकडे. ईसीएचएल ही एनएचएलच्या खाली दुसऱ्या पायरीवरची लीग, मध्ये एएचएल. ती टाकाऊ मुळीच नाही. तिथे खेळून पुढे एनएचएलच्या बर्फावर उतरलेल्यांची संख्या सातशेच्या वर आहे. पण मुलाने तिथे सहा सामने खेळलेत, ७२ नाही. पूर्ण सीझन ७२ सामन्यांचा असतो. कधी कधी शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन रात्रींत तीन सामने, मध्ये बसचा प्रवास, झोप बसमध्येच. राहायची जागा क्लब देतो, पगार आठवड्याच्या हिशोबाने, तोही सीझनपुरता. एप्रिलनंतर ऑक्टोबरपर्यंत खायचं काय, याचं उत्तर बहुतेक मुलांकडे "उन्हाळी कॅम्पमध्ये लहान पोरांना शिकवतो" किंवा "घरी येतो" असं असतं. शिवाय वर एएचएलमध्ये कुणी जायबंदी झालं की वरून बोलावणं येतं, आणि तो बरा झाला की परत खाली. कधी खाली जागाच उरलेली नसते. माझ्याकडे येणारा एक मुलगा रात्री अकराला सामना संपवून बसमध्ये चढला आणि फोनवर कळलं की आपल्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलंय, उद्या दुपारी सरावाला हजर. त्याने ते हसत सांगितलं. आईने हसत ऐकलं नाही.

तुम्ही वर्तमानपत्रात वाचता ते आकडे वेगळ्या मजल्यावरचे. २०२५-२६च्या सीझनला एनएचएलचा किमान पगार ७ लाख ७५ हजार डॉलर होता. पण अगदी एनएचएलचा करार मिळाला तरी नवख्याचा करार बहुधा 'टू-वे' असतो. वर खेळलास तर हा पगार, एएचएलमध्ये पाठवलं तर त्याच्या काही अंशच. एका क्लबला एकाच वेळी पन्नासच करार ठेवता येतात, म्हणून वरची दारं कायम अर्धी लोटलेली. ईसीएचएलचा करार तर यातलं काहीच नाही, तो निव्वळ त्या लीगचा करार.

इथे मी मुलाच्या विरोधात बोलतोय असं त्याला वाटेल, म्हणून त्याच्या बाजूचंही सांगतो. ब्रिटिश कोलंबियातल्या सरेचा अर्शदीप बैन्स. पंजाबी घरातला मुलगा, ड्राफ्टमध्ये कधीच नाव नाही. ज्युनिअरच्या शेवटच्या, म्हणजे ओव्हरएजच्या वर्षी, २०२१-२२ मध्ये रेड डीअरकडून खेळताना त्याने ११२ गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) काढले आणि अख्ख्या डब्ल्यूएचएलमध्ये, म्हणजे पश्चिमेकडच्या ज्युनिअर लीगमध्ये, पहिला आला. त्याच मार्चमध्ये व्हँकुव्हरने त्याच्याशी करार केला, दीड सीझन ॲबट्सफर्डला एएचएलमध्ये घासल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये तो एनएचएलमध्ये उतरला. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९८९ मध्ये, ब्रिटिश कोलंबियातल्याच डंकन गावचा रॉबिन बावा. भारतीय वंशाचा एनएचएलमधला पहिला खेळाडू, तोही ड्राफ्टविनाच आलेला. ६१ सामने खेळला. आज आकडा लहान दिसतो, पण त्या काळात पगडी-साडीतले नातेवाईक स्टँडमध्ये दिसणंच अप्रूप होतं.

पण बैन्सच्या गोष्टीत एक कलम आहे, ते मुलाने नीट वाचावं. एनएचएलचा संघ त्याच्याकडे ज्युनिअरमध्ये असतानाच आला. तुमच्या मुलाकडे आलेला नाही. त्यामुळे त्याच्यासाठी बैन्सपेक्षा जोएल वॉर्ड जवळचा.

वॉर्ड टोरांटोचाच, नॉर्थ यॉर्कचा. आईवडील बार्बाडोसहून आलेले, म्हणजे तुमच्यासारखंच स्थलांतरितांचं घर, जिथे बर्फावरचा खेळ कुणाच्या सात पिढ्यांत नव्हता. ओएचएलमध्ये ओवेन साउंडकडून चार सीझन, ड्राफ्टमध्ये नाव नाही. अगदी तुमच्या मुलाची कुंडली. २००१ मध्ये तो प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या विद्यापीठात गेला. चार वर्षं तिथे शिकला, तिथेच खेळला. त्या काळात कॅनडातल्या विद्यापीठातून एनएचएल म्हणजे उलट्या दिशेची बस, असंच सगळे समजत. २००५ मध्ये ह्यूस्टनच्या एएचएल संघात शिरला, मग एनएचएलमध्ये मिनेसोटासाठी मोजके सामने, आणि नॅशव्हिलमध्ये पक्की जागा मिळाली तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. सत्तावीस, ताई. तुमच्या मुलाला अजून सहा वर्षं आहेत. पुढे ७००हून जास्त सामने खेळला. २०१२ मध्ये प्लेऑफमध्ये बोस्टनविरुद्ध सातव्या, निर्णायक सामन्यात ओव्हरटाइमला गोल करून त्याने वॉशिंग्टनला पुढच्या फेरीत नेलं (आणि त्या रात्री त्याच्या रंगावरून जे गरळ ओकलं गेलं तेही लक्षात ठेवा, मुलाशी त्या विषयावर कधीतरी बोला). २०२३ मध्ये व्हेगासने स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं अजिंक्यपद, जिंकला तेव्हा तो तिथे सहायक प्रशिक्षक होता.

वॉर्ड एकच, हे मलाही कळतं. त्याच्या संघातले बाकीचे एनएचएलला गेले नाहीत. पण त्या बाकीच्यांकडे पदवी होती. ईसीएचएलमध्ये तीन सीझन काढून दुखावलेला गुडघा घेऊन परतलेल्या मुलाकडे काय असतं, ते मी या खुर्चीत बसून बघतो.

आता माझं मत. या शरद ऋतूत विद्यापीठ. आणि त्यामागचं खरं कारण हॉकीचं नाहीच, शिष्यवृत्तीचं आहे. तुमच्या पत्रात एवढी पानं असून तिचा उल्लेख नाही, याचं मला नवल वाटलं. ओएचएलमध्ये खेळलेल्या प्रत्येक सीझनमागे एका वर्षाची फी आणि पुस्तकं असा तो करार असतो. म्हणजे चार सीझनची चार वर्षं. मुलाने सोळाव्या-सतराव्या वर्षी सही केली तेव्हाचा तो कागद फाइलमध्ये असेल, तो आज रात्री काढा. त्यात मुदतीचं कलम असतं. ज्युनिअर संपल्यावर किती महिन्यांत शिक्षण सुरू करायचं, आणि कुठल्या प्रकारचा व्यावसायिक करार केला की हा हक्क बुडतो, हे तिथे लिहिलेलं असतं. बहुतेक घरांत हे कलम दोन वर्षांनी वाचलं जातं. एक सीझन ईसीएचएल खेळूनही मुदत उरते की नाही, हे त्या कागदावरूनच कळेल, माझ्या किंवा एजंटच्या तोंडून नाही. लीगच्या कार्यालयाला ईमेल करा, उत्तर लेखी मागा.

अमेरिकन कॉलेजचा रस्ताही आता बंद नाही. पूर्वी कॅनडाची मेजर ज्युनिअर, म्हणजे ओएचएलसारखी लीग, खेळलेल्याला एनसीएएची, म्हणजे अमेरिकन कॉलेज स्पर्धांची, दारं बंद असत. १ ऑगस्ट २०२५पासून ती उघडली. मात्र तुमचा मुलगा एकवीसला टेकलाय, आणि तिथे त्या वयानंतर पात्रतेची वर्षं कापली जाऊ लागतात, शिवाय त्या सहा ट्रायआउट सामन्यांचा मुद्दा निघणार. विचारून पाहा, पण त्यासाठी हातातला कोच सोडू नका. कॅनडाच्या विद्यापीठांत, म्हणजे यू स्पोर्ट्समध्ये, पाच सीझनची पात्रता असते आणि ज्युनिअर संपवून आलेली एकवीस-बावीसची पोरंच तिथे खेळतात. अटलांटिककडचा दर्जा हलका समजू नका. न्यू ब्रन्सविकच्या संघाने २०२३-२४ मध्ये एकही सामना न हरता, ४३ पैकी ४३ जिंकून देशाचं अजिंक्यपद घेतलं. तिथले बरेच जण सीझन संपला की मार्चमध्ये प्रो संघांच्या ट्रायआउटवर जातात. सामने कमी, त्यामुळे जिम आणि झोप दोन्ही जास्त. वीस वर्षांच्या बचावपटूच्या शरीराला मला तरी हेच बरं वाटतं. त्या सहा सामन्यांमुळे तिथल्या पात्रतेत काही कापलं जातं का, हे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडून लिहून घ्या.

बाबांच्या इंजिनिअरिंगबद्दल. त्यांची काळजी खरी आहे, उपाय चुकलाय. मुलाला गणित आवडतं का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. इंजिनिअरिंगच्या लॅब आणि संघाचा प्रवास एकत्र बसवणारे असतात, पण ज्याला मनापासून हवं असतं तेच. कॉमर्सला प्रवेश मिळतोय तो घ्या, पहिल्या वर्षी दोन विषय त्याच्या आवडीचे निवडू द्या. आणि बाबांना माझ्याकडून सांगा की गॅरेजमधली ती वास मारणारी बॅग अजून पाच वर्षं तिथेच राहणार आहे, पण तिच्याबरोबर एक पदवीही घरात येईल.

एजंटचा विषय लहान आहे. खेळाडूच्या करारातून टक्केवारी घेणं हा त्याचा धंदा, करार व्हायच्या आधी पालकांकडून तीन हजार घेणं नव्हे. देऊ नका. युरोप पळून जात नाही. इंग्लंड-स्कॉटलंडच्या लीगमधले काही क्लब तर खेळता खेळता तिथल्या विद्यापीठात मास्टर्स करू देतात, आणि त्यासाठी आधी पदवीच लागते. जुलैच्या डेव्हलपमेंट कॅम्पला, म्हणजे तरुण खेळाडूंच्या शिबिराला, एखाद्या एनएचएल संघाने बोलावलं, तर मात्र जाऊ द्या. तिथे ड्राफ्ट न झालेली पोरं दरवर्षी असतात. फक्त जाण्याआधी विद्यापीठाला कळवा, आणि तिथे समोर ठेवलेल्या कुठल्याही कागदावर घरी दाखवल्याशिवाय सही नाही.

राहिला मुलाचा प्रश्न, "आत्ता नाही तर कधीच नाही" हा. त्याला माझ्याशी फोनवर बोलायचं असेल तर शनिवारी सकाळी बोलू, तुम्ही दोघं लाइनवर नसताना. मी त्याला एकच विचारणार आहे. ईसीएचएलच्या कोचने तुला करार दिला तेव्हा तू पहिल्या चार बचावपटूंत असशील की सातवा, हे सांगितलं का? सातवा असशील तर तू खेळणार नाहीस, सूट घालून स्टँडमध्ये बसणार आहेस. विद्यापीठाच्या कोचलाही हाच प्रश्न विचार. पॉवर प्लेवर, म्हणजे समोरच्यांचा खेळाडू शिक्षा होऊन बाहेर असताना, कोण असेल, हेही. दोघांची उत्तरं ऐकून त्याचा निर्णय माझ्यापेक्षा वेगळा आला, तर तो ऐकायची माझी तयारी आहे. अट एकच, शिष्यवृत्तीचा कागद तोवर त्याने स्वतः वाचलेला असावा.

आणि सासूबाईंना सांगा, नापास वगैरे काही नाही. मुलाने अजून कुणाला शब्द दिलेला नाही. दोन स्थळं सांगून आलीत, चौकशी चालू आहे.