नवा ट्रेलर, तुटपुंजं बजेट

गाडीमागे ओढायचा, आत मुक्काम करता येईल असा ट्रेलर घेतलात, तर आधी सामान काहीच विकत घेऊ नका. घरातलीच भांडी, अंथरुणं आणि एक बादली घेऊन जवळपास कुठेतरी दोन रात्री काढा. जिथे जिथे अडलं ते लिहून ठेवा, तीच खरी यादी. आम्ही उलटं केलं; हौसेनं घेतलेलं घडीचं टेबल आजही माळ्यावर पडून आहे.

पहिला पैसा टायर, ब्रेक आणि मागच्या दिव्यांवर. टायरची नक्षी कोरी दिसली तरी बाजूचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे टायर बनला २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात. उभ्या ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, वाळून तडकतात.

१०० अँपिअर-अवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली की लवकर जाते, म्हणजे हाताशी ५०च धरा. एलईडी दिवे, मोबाइल यांना तेवढी पुरते. फ्रिजचा मोह टाळा, बर्फाची पेटी चालते.

पाणी लिटरला एक किलो. भरलेले कॅन पार मागे ठेवलेत तर ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवायला लागतो! जड सामान चाकांवर, किंचित पुढे.

बाकी सगळं जुनं चालेल. गॅसची नळी आणि कार्बन मोनॉक्साइड या वास नसलेल्या विषारी वायूचा अलार्म मात्र नवाच घ्या.