सही करण्याआधी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी पहिली पगाराची स्लिप नीट पाहिली. ४० हजार ठरले होते, मग खात्यात ३४ हजारच का आले, असं विचारलंयस. कुणी लबाडी केलेली नाही. वर्षाचे ४ लाख ८० हजार हा कंपनीचा तुझ्यावर होणारा एकूण खर्च आहे, तुझ्या हातात पडणारा पगार नव्हे. स्लिपवर बेसिक, म्हणजे मूळ पगार, २०,००० आहे. त्याचे १२ टक्के, म्हणजे २,४०० रुपये, तुझ्या पगारातून पीएफला जातात. तेवढेच कंपनी घालते, पण ते २,४०० तिने ४० हजारांतच धरलेत. ग्रॅच्युइटीपोटी, म्हणजे पुढे नोकरी सोडताना द्यायच्या रकमेपोटी, ९६२ रुपये, तेही त्यातलेच. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. वजाबाकी करून बघ, ३४,०३८ येतील.

पीएफचं खातं मात्र आजच समजून घे. दोन्ही बाजूंचे मिळून महिन्याला ४,८०० रुपये तुझ्या नावावर पडताहेत आणि २०२४-२५ सालासाठी त्यावर ८.२५ टक्के व्याज होतं. तुझ्या वयाची मुलं नोकरी बदलली की पीएफ काढून मोबाइल नाहीतर गाडी घेतात. तसं करू नकोस. यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा क्रमांक, एकच ठेव आणि जुन्या कंपनीची रक्कम नव्या खात्यात वर्ग करून घे. पाच वर्षांची सलग नोकरी व्हायच्या आत काढलीस तर त्यावर करही बसू शकतो.

पगार एक रुपयाने वाढला नाही असं धरलं, तरी ८ टक्क्यांनी ३० वर्षांत याचे साधारण ६५ लाख होतात. आकडा वाचून हुरळून जाऊ नकोस. महागाई ६ टक्के धरली तर त्या ६५ लाखांची किंमत आजच्या साधारण सव्वाअकरा लाखांएवढी. पुढे कुणीही तुझ्यासमोर “इतक्या वर्षांनी इतके लाख” असा कागद ठेवला, तर हाच हिशेब आधी मांड.

आता तुझा दुसरा प्रश्न, पैसे कुठे गुंतवू. त्याचं उत्तर देते, पण आधी दुसरंच सांगायचंय. इतकी वर्षं मी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात बसले. मोडलेले संसार मी पाहिले ते कमी कमावणाऱ्यांचे फारसे नव्हते. बरीचशी माणसं बरं कमावणारी होती आणि न वाचता केलेल्या एखाद्या सहीने अडकलेली होती. पहिल्या दोन-तीन वर्षांत पैसा वाढवायला शिकली नाहीस तरी फार बिघडत नाही. कुठे सही करायची नाही, हे कळलं पाहिजे.

म्हणून जामीनकीबद्दल सविस्तर लिहिते. आपल्याकडे कर्जाला दोन जामीनदार मागायची पद्धत आहे. नोकरी पक्की, पगारदार, बँकेत खातं, असं माणूस सगळ्यांना जामीन म्हणून हवं असतं आणि आता तू त्यात बसतेस. मित्र येईल, चुलत भाऊ येईल, ऑफिसातली ताई येईल. “नुसती सही लागते गं, फॉर्मॅलिटी आहे,” म्हणतील.

बँकेत काय होतं ते ऐक. वीस-बावीस पानांचा कागदांचा गठ्ठा असतो. सही कुठे करायची तिथे कारकुनाने पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असतात. जामीनदार उभ्या-उभ्या फुली बघून सह्या करत जातो. मागे रांग असते, कर्जदार चहा सांगून आलेला असतो. आमच्या शाखेत एक शिक्षक असेच नोटीस हातात घेऊन आले होते. सहकाऱ्याने टेम्पोसाठी कर्ज काढलं होतं, वर्षभर हप्ते भरले आणि मग तो भरेनासा झाला. गुरुजी म्हणाले, “पैसे मी घेतले नाहीत, टेम्पो मी पाहिलासुद्धा नाही.” मी करारपत्र उलगडून त्यांच्यापुढे ठेवलं. “संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार” या ओळीखाली, चिकटवलेल्या फोटोला लागून, त्यांची निळ्या शाईतली सही होती. त्यांनी ती ओळ त्या दिवशी पहिल्यांदा वाचली.

१८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं म्हणायची सोय बहुतेक करारांत ठेवलेलीच नसते. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला की पगारालाही हात लागतो. गुरुजींच्या पगारातून कपात सुरू झाली तेव्हा त्यांच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं होतं.

आणखी एक. तू जामीन असलेलं कर्ज तुझ्या सिबिल अहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीतही, दिसतं. उद्या स्वतःच्या घरासाठी कर्ज मागायला गेलीस की कर्जदाराने हप्ते थकवल्याचा जाब तुला द्यावा लागतो.

भीड ही भिकेची बहीण, असं आजी म्हणायची. नाही म्हणायला जमत नसेल तर माझं नाव पुढे कर, “मावशीला शब्द दिलाय” म्हण. अगदीच जवळच्या माणसासाठी करावंसं वाटलं, तर एक प्रश्न स्वतःला विचार: हे सगळं कर्ज मला एकटीला फेडावं लागलं तर फेडेन का, आणि फेडूनही नातं टिकेल का? दोन्हीचं उत्तर हो असेल तरच पेन उचल. नाहीतर झेपतील तेवढे पैसे सरळ हातावर ठेव, परत येणार नाहीत असं समजून. ते कितीतरी स्वस्त पडतं.

क्रेडिट कार्डाची सही बोटाने, स्क्रीनवर होते, म्हणून ती सही वाटत नाही. समज, ४० हजारांचं बिल आलं आणि तू “किमान देय” म्हणून ५ टक्के, म्हणजे २,००० भरलेस. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धर, १,४०० झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी, २५२. म्हणजे तुझ्या २,००० पैकी १,६५२ व्याजात गेले आणि मुद्दल ३४८ रुपयांनी उतरलं. वर, बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं, बिनव्याजी मुदत मिळत नाही. कार्ड वापरायला माझी हरकत नाही. पण पूर्ण बिल आपोआप भरलं जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेव आणि ज्या महिन्यात ते जमणार नाही असं दिसेल त्या महिन्यात कार्ड घरी ठेवून जा.

विमा. येत्या जानेवारीत तुमच्या ऑफिसात कुणीतरी “टॅक्स वाचवायला” म्हणून पॉलिसी घेऊन येईल, आणि तो बहुधा ओळखीचाच असेल. त्याला शांतपणे सांग की तुला वाचवायला करच नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला वर्षाला १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही आणि त्या प्रणालीत ८०सी ची, म्हणजे विमा-बचतीवरची, वजावटही नसते. मग तो म्हणेल, बचत तर होईल. तेव्हा हा हिशेब कर. समज, वर्षाला २५,००० असे २० वर्षं भरले आणि शेवटी ९ लाख २० हजार मिळाले. ५ लाखांचे सव्वानऊ लाख झाले असं ऐकायला छान वाटतं. व्याजदर काढला तर साडेपाच टक्के पडतो. तेच २५,००० पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत, आजच्या ७.१ टक्क्यांनी ठेवले तर २० वर्षांत ११ लाखांच्या वर जातात. मधे पॉलिसी बंद केलीस तर भरलेले पैसेही पुरते हाती येत नाहीत.

तुझ्या जिवावर कुणाचं पोट असेल तेव्हा साधा टर्म विमा घे. त्यात मुदतीनंतर काही परत मिळत नाही, म्हणूनच तो स्वस्त असतो. आज तुला त्याची घाई नाही. आरोग्य विमा मात्र घे, स्वतःचा, वेगळा. कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो, आणि आजारपण नोकरी बघून येत नाही. फॉर्मवर आधीचं दुखणं लपवू नकोस, तुझा लहानपणचा दमासुद्धा लिही. एजंट “कशाला लिहिता” म्हणाला तर फॉर्म त्याच्या हातून काढून घे आणि स्वतः भर. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत नापसंतीने परत करता येते. ते ३० दिवस वाचण्यासाठी आहेत.

आता गुंतवणूक. पहिलं काम, अडीअडचणीचा पैसा. तुझा खोलीचं भाडं, मेस, पेट्रोल धरून महिन्याचा खर्च २२ हजार आहे, असं तूच लिहिलंयस. (एकदा गेल्या महिन्याचं यूपीआयचं स्टेटमेंट काढून ओळीओळीने बघ, आकडा थोडा वर जाईल असं मला वाटतं.) सहा महिन्यांचे १ लाख ३२ हजार होतात. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ६,००० आवर्ती ठेवीत आपोआप जाऊ दे. व्याज धरून पावणेदोन वर्षं लागतील. लागू देत. तेवढा पैसा बाजूला पडला की वाईट साहेबाची नोकरी सोडताना हात थरथरत नाही, हे मी बायकांच्या बाबतीत फार जवळून पाहिलंय.

हा पैसा कुठे ठेवायचा? बँकेत. अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून कुठेही नव्हे. बँकेतल्या ठेवीला, दर बँकेत दर माणशी, मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विमा असतो. ही मर्यादा २०२० च्या फेब्रुवारीत वाढली, त्याआधी ती १ लाखच होती. २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा सुरुवातीला लोकांना आपल्याच खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. त्या रांगांतल्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे टीव्हीवर बघून मला झोप लागली नव्हती. पतसंस्थेला तर हा ठेव विमा लागूच नाही. गावाकडे लोक पतसंस्था आणि बँक एकच समजतात. पाटीवर “बँक” लिहिलंय की “पतसंस्था”, एवढं वाचायला पैसे पडत नाहीत. तुझ्या आईची ठेव कुठे आहे तेही विचारून घे.

त्यानंतर पीपीएफ उघड. वर्षाला किमान ५००, जास्तीत जास्त दीड लाख, मुदत १५ वर्षं, पुढे ती वाढवता येते. पैसे महिन्याच्या ५ तारखेच्या आत भर, कारण व्याज ५ तारीख ते महिनाअखेर यांतल्या सगळ्यात कमी शिलकीवर धरतात. आणि जे पैसे दहा-बारा वर्षं लागणार नाहीत तेवढ्यांची सेन्सेक्ससारख्या शेअर निर्देशांकावर चालणाऱ्या फंडात एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम, लाव, डायरेक्ट प्लॅनमध्ये, म्हणजे मधल्या माणसाचं कमिशन वाचतं. बाजार पडतो, हे आधीच मनात धरून ठेव. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांना टेकला होता आणि ऑक्टोबरात ८ हजारांच्याही खाली जाऊन आला. ज्यांना तेव्हा पैशांची गरज होती ते बुडाले, ज्यांना नव्हती ते सावरले. तुझ्यापुरता फरक त्या बाजूला ठेवलेल्या १ लाख ३२ हजारांचा असेल.

ऑप्शन ट्रेडिंगचं, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांचं, तू लिहिलंयस, रूममेट करतो म्हणून. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांचा हिशेब काढला तेव्हा फ्यूचर्स-ऑप्शन्समधल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात होते. तो रूममेट हुशार असेल. ते ९३ टक्केही काही कमी हुशार नव्हते. माझी तुला विनंती आहे, त्यात पडू नकोस.

सोनं हौसेने घे, गुंतवणूक म्हणून दागिना नको. घडणावळ परत मिळत नाही.

शेवटचं काम नॉमिनीचं. पगाराचं खातं, पीएफ, पुढे पीपीएफ आणि फंड, सगळीकडे नाव घाल आणि लग्नानंतर ते पुन्हा तपास. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे त्याच्या हाती दिले जातात, हक्क कुणाचा ते मृत्युपत्राने नाहीतर वारसा कायद्याने ठरतं. २०२३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितलं. तुझ्या बाबांच्या दोन जुन्या ठेवींवर अजून आजोबांचं नाव नॉमिनी म्हणून आहे, आणि आजोबा जाऊन किती वर्षं झाली. मी सांगितलं की ते “बघू” म्हणतात. तू पगारदार झालीस, तुझं ऐकतील. दिवाळीला येशील तेव्हा त्यांना घेऊन शाखेत जा, ठेवीच्या पावत्या आणि आधार कार्ड बरोबर ने, नॉमिनेशन बदलायचा फॉर्म भर आणि पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नकोस.

फॉर्म भरताना काही अडलं तर तिथूनच फोन कर.

तुझी,
मावशी